आमचे घरचे डॉक्टर आणि अत्यार्तव

घरांत कोणाला पडसें झालें तर तें शेजारच्या बिऱ्हाडास कळतें. यजमानांच्या रक्तदाबाचा आंकडा पाहुण्यांस चहाबरोबर सांगितला जातो, आणि वडीलधाऱ्यांच्या मधुमेहाची नोंदवही दिवाणखान्यांतल्या कपाटांत मानानें ठेवलेली असते. मात्र त्याच घरांतील चाळिशीच्या गृहिणीच्या अंगावर दर महिन्यास आठ-आठ, दहा-दहा दिवस जात असतें. जिना चढतांना तिला धाप लागते. रात्रीं दोन-तीन वेळां उठून कपडे बदलावे लागतात. लग्नकार्यास जावयाचें तर फिक्या रंगाची साडी ती हातीं धरीत नाहीं. आणि या गोष्टीची नोंद कोठल्याच वहींत नसते. घरांतल्या पुरुषांस ती ठाऊक नसते, मुलांस ती कळूं द्यावयाची नसते, आणि ज्यांस आपण मोठ्या अभिमानानें ‘आमचे घरचे डॉक्टर’ म्हणतों त्या सद्गृहस्थांनीं त्या बाईला याविषयीं कधीं विचारलेलें नसतें.

आजच्या लेखांत आम्हांस जें म्हणावयाचें आहे तें या शेवटच्या वाक्याविषयींच आहे. अत्यार्तवावर, म्हणजे पाळीच्या वेळीं प्रमाणाबाहेर होणाऱ्या रक्तस्रावावर, आमच्या बहुतेक घरच्या डॉक्टरांजवळ दोनच उत्तरें असतात. पहिलें, ‘बायकांना हें चालायचेंच’. आणि दुसरें, ‘पिशवी काढून टाका.’ पहिलें उत्तर दहा वर्षें पुरतें, दुसरें एका दुपारीं दिलें जातें. या दोन उत्तरांच्या मध्यें स्वस्त, सोप्या आणि कसोटीस उतरलेल्या उपायांचा एक मोठा प्रदेश आहे. त्या प्रदेशांतून रोग्याला हातास धरून नेणें हेंच घरच्या डॉक्टरांचें काम. तेवढ्यासाठींच तर ते ‘घरचे’. तेंच काम ते करीत नाहींत, असा आमचा त्यांच्यावर स्पष्ट आरोप आहे. सन्माननीय अपवाद आहेत, आणि ते वाचकांसही ठाऊक असतील. परंतु अपवादांचें कौतुक केल्यानें नियम बदलत नाहीं.

प्रथम, ‘प्रमाणाबाहेर’ म्हणजे किती, हें पाहूं. स्वीडनमधील गोथेनबर्ग येथील संशोधकांनीं शेंकडों स्त्रियांचा स्राव प्रत्यक्ष मोजून १९६६ सालीं असें दाखविलें कीं, एका पाळींत सुमारें ८० मिलिलिटरहून अधिक रक्त जाऊं लागलें म्हणजे पंडुरोग जडण्याचा संभव वाढतो. पुढें कित्येक वर्षें हाच आंकडा प्रमाण मानला गेला. परंतु प्रयोगशाळेंत जें मोजतां येतें तें संसारांत कोण मोजणार? म्हणून ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेनें २००७ सालीं डॉक्टरांसाठीं काढलेल्या मार्गदर्शिकेंत मोजमाप बाजूस ठेवून दुसरीच व्याख्या दिली: ज्या स्रावामुळें स्त्रीच्या शारीरिक, मानसिक, सामाजिक किंवा आर्थिक जीवनांत व्यत्यय येतो तो स्राव अधिक समजावा. २०१८ च्या नव्या मार्गदर्शिकेनेंही तीच दृष्टि कायम ठेवली. या व्याख्येनें साक्ष देण्याचा अधिकार मोजपात्राकडून काढून स्त्रीकडे दिला. पण साक्षीदारास कोणीं बोलावलेंच नाहीं तर खटला चालावा कसा?

आणि बोलावणें कांहीं अवघड नाहीं. दर एक-दोन तासांनीं पॅड बदलावा लागतो काय? गुठळ्या पडतात काय, आणि त्या रुपयाच्या नाण्याहून मोठ्या असतात काय? सात दिवसांहून अधिक जातें काय? रात्रीं अंथरूण खराब होतें काय? त्या दिवसांत बाहेर जाण्याचें टाळावें लागतें काय? या पांच प्रश्नांस यंत्र लागत नाहीं, निराळी फी लागत नाहीं, आणि तीन मिनिटांहून अधिक वेळ लागत नाहीं.

हें दुखणें क्षुल्लक मानणाऱ्यांनीं लोहाचा हिशेब करून पाहावा. एक मिलिलिटर निरोगी रक्तांत सुमारें अर्धा मिलिग्रॅम लोह असतें. ८० मिलिलिटर रक्त गेलें कीं ४० मिलिग्रॅम लोह गेलें. आमच्या नेहमींच्या ताटांतून शरीर दिवसाकाठीं शोषून घेतें तें लोह जेमतेम एक-दीड मिलिग्रॅम, आणि त्यांतलाही मोठा भाग रोजच्या झिजेंत खर्ची पडतो. जेवणावर लगेच चहा घेण्याची संवय असेल तर शोषण आणखी घटतें. अशा स्थितींत महिन्याकाठीं ४० काय, कित्येकींच्या बाबतींत त्याहूनही अधिक मिलिग्रॅमची तूट कोणत्या कोठारांतून भरून निघणार? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकीं ५७ टक्के, आणि महाराष्ट्रांतील ५४ टक्के स्त्रिया पंडुरोगी आढळल्या. त्याचें सारें खापर पाळीवर फोडणें चूक होईल. अपुरें अन्न, जंत, लागोपाठचीं बाळंतपणें हींही कारणें आहेतच. पण ज्या घरांत अन्नाची ददात नाहीं, दूधदुभत्यास कमी नाहीं, त्या घरांतल्या बाईचें हिमोग्लोबिन आठावर आलें म्हणजे तरी रक्त जातें कोठें याचा शोध घ्यावयास नको काय?

दवाखान्यांतला प्रसंग वाचकांच्या परिचयाचा आहे. बाई बांकावर बसलेली, शेजारीं यजमान. बोलतात ते यजमान: “डॉक्टरसाहेब, हिला अलीकडे फार थकवा येतो हो. कांहीं ताकदीचें द्या.” डॉक्टर बाईच्या डोळ्याची पापणी खालीं ओढून पाहतात, जीभ पाहतात, “रक्त कमी आहे, वहिनी. बीट खा, खजूर खा, जिवाला जपा,” असें प्रेमानें सांगतात, आणि एक तांबडें टॉनिक लिहून देतात. हौदाची गळती न पाहतां वरून पाणी ओतावें तसा हा उपचार. रक्त कमी आहे हें त्यांस दिसलें. तें कां कमी झालें हें विचारावेंसें त्यांस वाटलें नाहीं. बाईही बोलत नाहीं. कारण पातळशा पडद्यापलीकडे दहा माणसें बसलेलीं आहेत, आणि यजमान समोरच आहेत. “वहिनी, पाळी कशी येते? जास्त जातें का?” हे सात शब्द डॉक्टरांच्या तोंडून निघते तर त्या बाईच्या आयुष्याचीं पुढचीं दहा वर्षें निराळीं गेलीं असतीं.

एखादी धीट बाई आपण होऊन सांगते. तिच्या पदरांत तरी काय पडतें? रक्त थांबविणाऱ्या म्हणून एथमसायलेटच्या गोळ्या पडतात. अत्यार्तवासाठीं हें औषध वापरूं नये असें उपर्युक्त ब्रिटिश मार्गदर्शिकेनें २००७ सालींच सांगून टाकलें होतें. नाहींतर नॉरएथिस्टेरोनच्या गोळ्या पडतात. गणपति-गौरीच्या किंवा सत्यनारायणाच्या वेळीं पाळी पुढें ढकलण्यासाठीं ह्याच गोळ्या घरोघरीं घेतल्या जात असल्यामुळें बायकांस त्यांचें नांव पाठ असतें. त्या महिन्यांतले तीन आठवडे नेमानें घेतल्या तर स्राव कमी होतो खरा. पण पाळीच्या आधींचे आठ-दहा दिवसच द्यावयाची जी पद्धति पडून गेली आहे तिचा अत्यार्तवावर फारसा उपयोग होत नाहीं, हें वारंवार सिद्ध झालेलें आहे. त्यानेंही भागलें नाहीं तर ‘क्युरेटिंग करून टाकूं’. गर्भाशयाचें अस्तर खरवडून काढल्यानें एक पाळी कदाचित् बरी जाते, पुढच्या पाळ्यांस पुन्हां तोच पूर. आणि म्हणूनच उपचार म्हणून क्युरेटिंग करूं नये असें तीच मार्गदर्शिका सांगते.

यानंतर सोनोग्राफी होते आणि कागदावर एखादी फायब्रॉइडची गांठ उमटते. अशा लहान गांठी चाळिशीच्या कित्येक स्त्रियांच्या गर्भाशयांत कांहींही त्रास न देतां वर्षानुवर्षें नांदत असतात. त्या कर्करोगांत परिणत होणें हें अत्यंत विरळा. पण हें सांगतो कोण? सांगितलें जातें तें असें: ‘पिशवीला सूज आहे’, ‘पिशवी खराब झाली आहे’, ‘आतां नाहीं काढली तर पुढें कॅन्सर होईल.’ यांतल्या पहिल्या दोन वाक्यांस निदान म्हणतां येत नाहीं, आणि तिसरें वाक्य बहुतेक वेळां निव्वळ धाक असतो. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या ‘फिगो’ या आंतरराष्ट्रीय संघटनेनें २०११ सालीं अशा रक्तस्रावाच्या कारणांचे नऊ वर्ग पाडून दिले. त्यांतले चार गर्भाशयाच्या रचनेंतल्या बिघाडाचे: अस्तरावरचे मोड, अस्तराचा स्नायूंत शिरकाव, फायब्रॉइडच्या गांठी आणि कर्करोग किंवा त्याची पूर्वावस्था. उरलेले पांच रचनेबाहेरचे: रक्त गोठण्यांतला दोष, बीजोत्सर्गाची अनियमितता, अस्तराचाच विकार, औषधांचा किंवा तांबीसारख्या साधनांचा परिणाम, आणि ज्यांचें वर्गीकरण अद्याप झालें नाहीं अशीं कारणें. जगाच्या शास्त्रानें नऊ वर्ग पाडले आणि आमच्या दवाखान्यांत त्या सर्वांचें मिळून ‘पिशवी खराब’ असें एकच नांव झालें!

कारण न शोधतां उपाय करण्याचा परिणाम काय होतो याचें एक करुण उदाहरण वैद्यकाच्या इतिहासांत नमूद आहे. बाल्टिक समुद्रांतील ओलांड बेटांवरच्या एका कुटुंबांत रक्त न थांबण्याचा विकार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला होता. एरिक फॉन विलेब्रांट या फिनलंडच्या डॉक्टरांनीं १९२६ सालीं त्याचें पहिलें वर्णन प्रसिद्ध केलें. ज्या मुलीमुळें त्यांचें लक्ष या विकाराकडे गेलें ती हयॉर्डिस पुढें तेराव्या वर्षीं, आपल्या चौथ्या पाळीच्या वेळीं, रक्तस्रावानें मरण पावली. आज याच विकारावर उपाय आहेत. पण आमच्याकडे ज्या मुलीला पहिल्या पाळीपासूनच धो-धो जातें, जिच्या दांत काढल्यावर रक्त थांबत नाहीं, जिच्या अंगावर उगाच काळेनिळे डाग उठतात, तिच्या आईला आजही ‘सुरुवातीला असें होतेंच’ एवढेंच सांगून परत पाठविलें जातें. मुलीच्या आईला व मावशीला किती जात असे, हें विचारणें ही येथें प्रयोगशाळेइतकीच महत्त्वाची तपासणी आहे. आणि दोन पिढ्या ओळखणाऱ्या घरच्या डॉक्टरांवांचून ती अधिक चांगली कोण करील? थायरॉइडचीं लक्षणें दिसत असतील तर त्याची चांचणी करावी, तांबी बसविल्यापासून स्राव वाढला असेल तर ती काढावी, आणि पंचेचाळिशीनंतर स्राव बिघडला किंवा पाळीच्या अधेंमधें रक्त दिसूं लागलें तर अस्तराचा नमुना तपासून कर्करोगाची शंका फेडून घ्यावी. हा विवेक केल्यानंतरच ‘कॅन्सर’ हा शब्द उच्चारण्याचा अधिकार डॉक्टरांस पोचतो.

आतां उपाय. जपानांतील उताको ओकामोटो या डॉक्टरीणबाईंनीं व त्यांचे पति शोसुके यांनीं १९६२ सालीं ट्रानेक्झॅमिक ॲसिड हें औषध जगापुढें ठेवलें. बाळंतपणांत रक्तस्रावानें मरणाऱ्या स्त्रियांस वांचवावें हा त्यांचा हेतु होता. हें औषध पाळीच्या जास्त जाणाऱ्या चार-पांच दिवसांतच घ्यावयाचें असतें, आणि त्यानें स्राव जवळजवळ निम्म्यावर येतो. रक्तवाहिनींत गुठळी झाल्याचा पूर्वेतिहास असणाऱ्या स्त्रियांस तें देऊं नये, एवढें पथ्य सांभाळावें लागतें. मेफेनॅमिक ॲसिडच्या गोळ्यांनीं स्राव थोडा कमी होतो आणि पोटदुखीही शमते. संततिप्रतिबंधक गोळ्यांचा मार्ग आहे. आणि सर्वांत गुणकारी ठरलेलें साधन म्हणजे लेव्होनॉर्जेस्ट्रेल हें हॉर्मोन थेंबाथेंबानें सोडणारें, गर्भाशयांत बसवावयाचें लहानसें साधन. आमच्याकडे तें तांबीचेंच भावंड समजलें जातें, आणि त्यामुळें बायका त्याला भितात. वस्तुतः तांबीनें स्राव वाढूं शकतो, तर या साधनानें तो कांहीं महिन्यांत अगदीं थोड्यावर येतो. पहिले तीन-चार महिने अधूनमधून डाग दिसतात, तें आधींच सांगून ठेवलें म्हणजे बाई घाबरत नाहीं. पुढें निदान पांच वर्षें तें काम देतें.

हे उपाय मोठ्या इस्पितळांतच चालतात, असें कोणी समजूं नये. ब्रिटनमध्यें घरच्या डॉक्टरांकडेच येणाऱ्या, २५ ते ५० वयाच्या ५७१ स्त्रियांवर एक मोठा प्रयोग झाला व त्याचे निष्कर्ष २०१३ सालीं प्रसिद्ध झाले. कांहींना हें साधन दिलें, कांहींना गोळ्या दिल्या. दोन वर्षांच्या अखेरीस दोन्ही गटांतल्या स्त्रियांचें जीवन सुधारलेलें दिसलें, साधनवाल्यांचें अधिक. पुढें दहा वर्षांनीं पुन्हां पाहिलें तेव्हांही त्यांतल्या बहुसंख्य स्त्रियांस शस्त्रक्रियेची पायरी चढावी लागलेली नव्हती. यांतला बोध सरळ आहे: बाईला घरच्या डॉक्टरांनीं नीट विचारलें, नीट औषध दिलें आणि धीर धरला, तर बहुतेक वेळां शस्त्रक्रियेवांचून भागतें.

आमच्याकडे काय घडतें तें पाहा. उपरिनिर्दिष्ट राष्ट्रीय पाहणीप्रमाणें देशांतील १५ ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांपैकीं तीन-चार जणींची गर्भपिशवी काढलेली आहे. आंध्र व तेलंगण या राज्यांत तर आठांहून अधिक. शस्त्रक्रियेच्या वेळचें वय बहुधा चौतिशी-पस्तिशीच्या आसपास. निम्म्याहून अधिक स्त्रियांनीं कारण सांगितलें तें पाळीच्या वेळचा अतिस्राव किंवा वेदना, आणि सुमारें दोन-तृतीयांश शस्त्रक्रिया झाल्या त्या खासगी इस्पितळांत. २०१९ सालीं बीड जिल्ह्यांतील ऊसतोड स्त्रियांचा प्रश्न पुढें आला तेव्हां राज्य सरकारनें नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली. जिल्ह्यांतल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकीं साडेतेरा हजारांहून अधिक स्त्रियांची पिशवी काढलेली आढळली. सहांत एक! नवराबायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, मुकादमाकडून उचल घेतलेली असते, एक खाडा झाला कीं दंड बसतो. अशा बाईला पाळी हीच चैन वाटूं लागते आणि डॉक्टर तिला कॅन्सरचा धाक घालून मोकळे होतात.

हें वाचून आमचा मध्यमवर्गीय वाचक हळहळतो आणि पान उलटतो. त्यास आमची विनंति अशी कीं त्यानें आपल्याच नात्यागोत्यांत पाहावें. पिशवी काढलेल्या बहिणी, वहिन्या, मावश्या मोजाव्या, आणि त्यांतल्या किती जणींना शस्त्रक्रियेपूर्वीं तीन महिने तरी योग्य औषध मिळालें होतें हें विचारावें. ऊसतोड बाईजवळ वेळ नव्हता व पैसा नव्हता. तुमच्या घरांत दोन्ही होतें. तरीही उत्तर तेंच मिळालें, याचें कारण डॉक्टरांच्या टेबलावर तिसरें उत्तर ठेवलेलेंच नव्हतें.

सर्वोच्च न्यायालयानेंही या बाबतींत लक्ष घातलें आहे. बिहार, छत्तीसगड व राजस्थान येथील अनावश्यक शस्त्रक्रियांविरुद्ध डॉ. नरेंद्र गुप्ता यांनीं केलेल्या अर्जावर निकाल देतांना, केंद्र सरकारनें २०२२ मध्यें तयार केलेलीं मार्गदर्शक तत्त्वें तीन महिन्यांत अंमलांत आणावींत, असा आदेश न्यायालयानें ५ एप्रिल २०२३ रोजीं सर्व राज्यांस दिला. तो स्वागतार्ह आहे. परंतु कायद्याचा पहारा शस्त्रक्रियागृहाच्या दारावर बसतो, आणि तेथवर बाई पोचते ती दहा वर्षें रक्त गमावून, हताश होऊन. पहिल्या दारावर घरचे डॉक्टर बसलेले असतात. तेथला पहारा कोणत्याही न्यायालयास करतां येणार नाहीं.

आमच्या आरोपास डॉक्टरमंडळींचीं उत्तरें ठरलेलीं आहेत. पहिलें, ‘बायका सांगतच नाहींत.’ हें खरें आहे. पण तें आजचें नाहीं. १८८३ सालीं श्रीरामपूर येथील व्याख्यानांत आनंदीबाई जोशी यांनीं आपण अमेरिकेस कां जात आहों हें सांगतांना हिंदु स्त्री-डॉक्टरांची गरज मांडली ती याच संकोचाकडे पाहून. र. धों. कर्वे यांनीं १९२७ सालीं ‘समाजस्वास्थ्य’ काढून याच संकोचाशीं झुंज घेतली व त्यापायीं खटले सोसले. आनंदीबाईंच्या नंतर हजारों स्त्रिया डॉक्टर झाल्या, आणि तरीही बाई बोलत नसेल तर तिला बोलतें करणें हा उपचाराचाच भाग समजला पाहिजे. मधुमेही माणूस ‘माझी साखर वाढली आहे’ असें सांगत येत नाहीं. त्याची साखर डॉक्टर आपण होऊन पाहतातच ना?

दुसरें उत्तर, ‘आम्हांस वेळ नाहीं’. त्याचा समाचार वर घेतलाच आहे. तिसरें, ‘आमची पदवी आयुर्वेदाची, हें तज्ज्ञांचें काम.’ आमच्या गांवोगांवच्या आणि शहरांतल्याही पुष्कळ घरच्या डॉक्टरांची पदवी आयुर्वेदाची असते, हें आम्ही जाणतों. पण चरक व सुश्रुत दोघांनींही असृग्दराचें वर्णन केलें आहे. तेव्हां ज्यानें ती परंपरा शिकली त्यास तर हा विषय अपरिचित म्हणण्याची मुळींच सोय नाहीं. प्रश्न विचारण्यास, हिमोग्लोबिन पाहण्यास, आणि ‘शस्त्रक्रियेपूर्वीं औषधाचा विचार झाला काय?’ असें तज्ज्ञास चिठ्ठींत लिहिण्यास कोणतीही पदवी आड येत नाहीं. आड येते ती कांहींच्या बाबतींत निराळीच गोष्ट: रोगी पाठविल्याबद्दल मिळणारा ‘कट’. २०१७ सालीं राज्य सरकारनें या दलालीविरुद्ध कायद्याचा मसुदा करविला होता. दुखणें कल्पनेंतलें असतें तर त्याची गरज पडली नसती. सगळे डॉक्टर असे आहेत असें आम्ही म्हणत नाहीं. पण जे नाहींत त्यांनीं तरी आपल्या व्यवसायबंधूंविषयीं मौन सोडावें.

चौथें उत्तर सर्वांत चतुर आहे: ‘बाईच म्हणते, काढून टाका.’ म्हणते खरी. पण तिला दुसरें कांहीं दाखविलें होतें काय? दर महिन्याची भीति, सोंवळ्याओंवळ्याची कटकट, प्रवासांतली फजिती आणि ‘मुलें झालीं, आतां पिशवीचा काय उपयोग?’ असें म्हणणाऱ्या चार बायका भोंवतीं असल्यावर ती दुसरें काय म्हणणार? पिशवी म्हणजे केवळ मूल वाढविण्याचें गाठोडें, ही समजूत चुकीची आहे. शस्त्रक्रियेंत बीजांडकोशही काढले गेले तर ऋतुनिवृत्ति एका दिवसांत अंगावर कोसळते, आणि लहान वयांत तसें झालें तर हाडें ठिसूळ होण्याचा व हृदयविकाराचा धोका वाढतो. कोश राखले तरी त्यांचें काम कित्येकदां वेळेआधीं मंदावतें. हें सारें समजून घेऊन, औषधांनीं गुण आला नाहीं म्हणून, किंवा मोठ्या गांठींमुळें अथवा कर्करोगामुळें, एखादी स्त्री शस्त्रक्रिया करून घेत असेल तर ती तिला खुशाल मिळावी. कित्येकींस त्या शस्त्रक्रियेनेंच जीवदान मिळालें आहे. आमचा आक्षेप शस्त्रक्रियेवर नाहीं. तिच्या आधींच्या दहा वर्षांच्या रिकाम्या पानांवर आहे.

आणि त्या रिकाम्या पानांत आपलाही वांटा आहे. ‘कावळा शिवला’, ‘बाहेरची आहे’, ‘अडचण आहे’ अशा आडवळणांनीं बोलण्याची ज्या घरांत रीत, तेथें डॉक्टरांनीं एकट्यानेंच सरळ बोलावें अशी अपेक्षा करणें अन्यायाचें होईल. ज्या यजमानास पत्नीचा थकवा दिसतो त्यानें त्याचें कारणही तिला विचारावें, आणि दवाखान्यांत तिच्या वतीनें न बोलतां तिला बोलूं द्यावें; पाहिजे तर बाहेर जाऊन बसावें. ज्या आईनें स्वतः सोसलें तिनें ‘मीही सोसलें’ हें वाक्य मुलीपुढें उच्चारूं नये, कारण त्याच वाक्यानें हें दुखणें पिढ्यान्‌पिढ्या चालत आलें आहे. रक्तदाबाच्या वहीशेजारीं आणखी एक वही ठेवावी. तींत पाळीची तारीख, दिवस, रोज किती पॅड लागले आणि गुठळ्या पडल्या कीं नाहीं, एवढें लिहावें. तीन महिन्यांची अशी वही डॉक्टरांपुढें ठेवली म्हणजे ‘चालायचेंच’ म्हणणें त्यांस जड जाईल.

डॉक्टरांकडे आमची मागणी थोडी आहे. थकव्याची तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येक स्त्रीस व पाळी सुरू झालेल्या प्रत्येक मुलीस पाळीविषयीं विचारावें. अधिक जात असेल तर रक्ताची तपासणी त्याच दिवशीं करावी. स्रावाचें कारण केसपेपरवर स्पष्ट शब्दांत लिहावें. ‘सूज’ लिहूं नये. कर्करोगाची शंका नसेल तर योग्य औषध योग्य मात्रेंत निदान तीन पाळ्या द्यावें, आणि लोहही सोबत द्यावें. त्यानें भागलें नाहीं तर तज्ज्ञाकडे पाठवावें, पण चिठ्ठींत आजवर काय दिलें तें लिहून. आणि शस्त्रक्रिया सुचविली गेली तर दुसऱ्या एका डॉक्टरांचें मत घ्या, असें आपण होऊन सांगावें.

यांतलें एकही कलम खर्चाचें नाहीं. ट्रानेक्झॅमिक ॲसिडच्या एका पाळीच्या गोळ्यांस सोनोग्राफीच्या फीइतकेही पैसे पडत नाहींत. लागतें तें एवढेंच, कीं समोर बांकावर बसलेल्या बाईकडे पाहून, यजमानांना क्षणभर थांबवून, डॉक्टरांनीं तो एक प्रश्न विचारावा. उद्यां सकाळीं दवाखाना उघडेल तेव्हां पहिल्याच बाईपासून त्याला आरंभ करतां येईल.